दिव्यांग उमेदवार, ऑनलाइन टेस्ट आणि आपण

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे दिव्यांग माणसाला नोकरी शोधताना मिळणारी मदत. ती कोण करतं, आणि नेमकी कुठे येऊन अडकते?

थोडी ओळख देतो. मी बीटेक केलं, पुण्यात फ्रंटएंडचं काम करतो. दोन वर्षांपासून शनिवारी अंध मुलामुलींची मॉक इंटरव्ह्यू घेतो, रेझ्युमे तपासतो. म्हणजे तज्ज्ञ वगैरे काही नाही, पण रांगेत उभ्या असलेल्या उमेदवाराच्या बाजूला बसून बघायला मिळतं.

आधी आकडा सांगतो. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यातल्या साधारण 36 टक्केच कामात होत्या. स्त्रियांमध्ये हे प्रमाण आणखी खाली, 23 टक्क्यांच्या आसपास.

मग मदतीची व्यवस्था नाही का? आहे ना. केंद्र सरकारची दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रं आहेत, त्यातलं एक मुंबईत आहे. पूर्वी त्यांना व्यवसाय पुनर्वसन केंद्र म्हणायचे. तिथे तुमची क्षमता तपासतात, प्रशिक्षण देतात, कंपन्यांशी गाठ घालून देतात. शिवाय अनेक संस्था हेच काम करतात. सरकारी नोकरीत 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 4 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर पहिलं काम तेच करा.

पण या सगळ्या मदतीचा शेवट बहुतेक वेळा 'अर्ज भरून दिला' इथे होतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचं सांगतो. पूर्ण अंध, बीसीए, लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरते. एनव्हीडीए म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरनी ते सुरू केलं. तर हिला एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट आली. पानावर टायमर होता, आणि तो असा कोड केलेला की दर सेकंदाला आकडा बदलला की स्क्रीन रीडर तो मोठ्यानं वाचणार. एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न... प्रश्न ऐकूच येईना. दोन प्रश्न माउसनं ओढून जोड्या लावायचे. आणि वर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारी सिस्टीम तिला सारखी बजावत होती, 'नजर स्क्रीनवर ठेवा.' तिसऱ्या इशाऱ्याला टेस्ट बंद.

मला ती म्हणाली, "दादा, मी नापास झाले असते तर चाललं असतं. मला प्रश्नच कळला नाही."

आम्ही कंपनीला मेल लिहिला. रागाचा नाही, साधा. काय चाललं नाही, कशानं चालेल, एवढंच. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात, आणि ती नाकारणं हा भेदभाव धरला जातो. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सुप्रीम कोर्टानंही हेच तत्त्व ठामपणे मांडलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा त्रास होता, आणि त्याला लेखनिक मिळावा असा निकाल लागला.

आठ दिवसांनी कंपनीनं टेस्ट परत घेतली. व्हिडिओ कॉलवर, तिच्याच एडिटरमध्ये, जास्तीचा वेळ देऊन. ती पास झाली आणि पुढच्या फेरीत गळाली. कारण कळलं, एसक्यूएल कच्चं आहे. आता ती जॉइन आणि सबक्वेरी घोकतेय. माझ्या मते तो मेल वाया गेला नाही. एसक्यूएल शिकता येतं. टायमरच्या बडबडीवर मात तिनं कशी करायची?

आता कामाचं बोलतो.

उमेदवारांसाठी: टेस्टच्या आधीच लेखी कळवा. 'मी स्क्रीन रीडर वापरतो, कीबोर्डवर चालणारी टेस्ट आणि जास्तीचा वेळ हवा, कॅमेऱ्याच्या इशाऱ्यातून सूट हवी,' इतकं नेमकं. 'मला सहकार्य करा' असं मोघम लिहिलं की समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही. आजाराचा सगळा इतिहास द्यायची गरज नाही.

एचआरवाल्यांसाठी: समान संधी धोरण खासगी कंपनीलाही लागू आहे. वीस किंवा जास्त माणसं असतील तर दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार आणि त्यासाठी संपर्क अधिकारी कोण, हे त्यात असायला हवं. तुमच्या कंपनीचं धोरण आहे का, उद्या ऑफिसात विचारून बघा. आणि जाहिरातीत सोयींसाठी कुणाला लिहायचं तो ईमेल टाका. एका ओळीचं काम आहे.

आणि आपल्या प्रोग्रामर मंडळींसाठी: माउस बाजूला ठेवा आणि आपलाच फॉर्म फक्त टॅब आणि एंटरवर भरून बघा. बटणांना नावं द्या, नुसतं चित्र नको. टायमर दर सेकंदाला बोलायला लावू नका, पाच मिनिटं उरली की एकदा सांगितलं तरी पुरे. एनव्हीडीए उतरवून अर्धा तास वापरा. पहिल्या दहा मिनिटांत डोकं गरगरेल, पण बग दिसतील.

संस्थांना एकच विनंती आहे. किती जणांना नोकरी लावली हे जरूर मोजा, पण सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले हेही मोजा. कामावर रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात कुणीतरी फोन करणारं, मॅनेजरशी बोलणारं लागतं. ऑफिसचं हजेरीचं ॲप चालत नाही एवढ्यावरून माणसं नोकरी सोडतात, आणि ते बाहेर कुणाला कळतही नाही.

तुमच्या ऑफिसात अशी एखादी सोय केली असेल, किंवा मागूनही मिळाली नसेल, तर मला लिहून पाठवा. एखाद्या भागात ते अनुभव वाचूया. तोवर तो टॅब आणि एंटरचा प्रयोग तेवढा करा. भेटू पुढच्या भागात.