खर्ड्याची लढाई आणि अमेरिकेचा इतिहास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्यांचा सत्कार झाला त्या मुलामुलींचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविलेला, केवळ मॅट्रिक झालेला मनुष्य. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. एक अनुभव मात्र सांगतो.

माझी पुतणी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. तिने इतिहास हा ऐच्छिक विषय घेतला आहे. त्यात अमेरिकेची क्रांती, तेथील राज्यघटना, यादवी युद्ध आणि गुलामगिरीचे उच्चाटन एवढा भाग नेमलेला आहे. एके दिवशी ती त्रासून म्हणाली, "काका, खर्ड्यात बसून फिलाडेल्फियाच्या सभेची घोकंपट्टी कशाला करायची?" मी म्हणालो, "बाई, ते पुस्तक इकडे आण. आपण दोघे वाचू." त्या वाचनातून जे हाती लागले तेच आज आपणांपुढे ठेवतो.

ता. 11 मार्च 1795 रोजी आपल्या खर्ड्याच्या रानात मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशा सर्वांच्या फौजा त्या दिवशी एका बाजूस होत्या. निजामास येथील किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला आणि अखेर तह करावा लागला. हे आपण अभिमानाने सांगतो व ते योग्यच आहे. परंतु पुढे काय झाले? त्याच वर्षी ऑगस्टात आपल्या तालुक्यातील चौंडीच्या कन्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी निवर्तल्या. ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. 1802 साली होळकर व शिंदे पुण्याजवळ एकमेकांवरच तुटून पडले. 1803 च्या ऑगस्टात नगरचा किल्ला इंग्रजांनी घेतला, त्या युद्धात होळकर अलिप्त राहिले. आणि 1818 साली सारेच संपले. खर्डा हा मराठ्यांच्या एकीचा अखेरचा मोठा विजय ठरला.

आता याच काळात अमेरिकेत काय चालले होते ते पाहा. इंग्रजांशी लढून तेरा वसाहती स्वतंत्र झाल्या. 1781 पासून त्यांचा जो संघ होता तोही आपल्या सरदारांच्या संघासारखाच ढिला होता. मध्यवर्ती सत्तेस स्वतः कर बसविण्याचा अधिकार नव्हता. जो तो आपल्यापुरते पाहणारा. हे असेच चालले तर मिळविलेले स्वातंत्र्य जाईल, हे ओळखून 1787 साली त्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियास जमले आणि त्यांनी लेखी राज्यघटना तयार केली. खर्ड्याची लढाई झाली तेव्हा त्या घटनेप्रमाणे निवडलेले जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षपदावर होते. 1797 साली ते पायउतार झाले व दुसरा अध्यक्ष आला. राज्याचे तुकडे झाले नाहीत. आमची एकी माणसांवर उभी होती. माणसे गेली, एकी गेली. त्यांनी ती नियमांवर उभी केली. एवढे कळल्यावर पुतणीस ती सनावळी पुन्हा घोकावी लागली नाही.

परंतु विद्यार्थिमित्रहो, इतिहास अर्धा वाचू नये. त्या घटनेच्या पायात एक मोठा दगड कुजका होता. प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब तिच्यात लिहिलेला होता. ज्यांना मताचा अधिकार नाही त्यांच्या डोक्यांवर धन्यांचे बळ वाढत होते! त्या अन्यायाची किंमत 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात लक्षावधी प्राणांनी द्यावी लागली. 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने गेली. पण शाळा निराळ्या, गाडीतील जागा निराळ्या, हा भेद पुढे शंभर वर्षे टिकला. सरकारी शाळांतील भेद घटनाबाह्य असल्याचा निर्णय 1954 साली झाला आणि नागरी हक्कांचा कायदा 1964 साली.

हे सर्व आपणांस परके आहे काय? नगर शहरी अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून महात्मा जोतीराव फुले यांनी प्रेरणा घेतली आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. पुढे 1948 साली घटनासमितीत आपल्या घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेच्या घटनेशी तिची तुलना करून दाखविली. जातीच्या भिंतीचे परिणाम किती भयंकर होतात, हे कळण्यास आम्हां खर्डेकरांना तर अमेरिकेपर्यंतही जावे लागत नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून एक सूचना करतो. आपल्या मंडळाने अभ्यासिका चालवावी असा विचार आहे. ज्ञातीचे संघटन करणे यात गैर काहीच नाही. आपल्या मुलांना हात द्यावयाचा तो आपणच दिला पाहिजे. परंतु त्या अभ्यासिकेचे दार केवळ ज्ञातीच्या मुलांपुरते ठेवू नये. गावातील ज्या मुलास दिव्याखाली बसावयास जागा नाही, त्याने कोणत्याही आळीतून यावे व आपल्या मुलाशेजारी बसावे. काहींना हे रुचणार नाही, हे मी जाणतो. पण एकाच बाकावर बसून जो समतेचे कलम वाचतो त्यालाच ते समजते. बाकीच्यांना ते गुणांपुरते पाठ होते.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेत यश मिळवा. मात्र उत्तर लिहून झाल्यावर ते विसरू नका. खर्ड्याचा विजय एका दिवसाचा होता. तो टिकविण्याचे जे काम तेव्हा राहिले, ते आता आपल्याकडे आले आहे.