खताच्या पोत्याचा हिशोब
(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मारहाण, हुंडा, पोटगी हे आपले विषय, खत हा कृषी खात्याचा, असे काहीजणींना वाटेल. पण मृगाच्या तोंडावर घरात पैशावरून भांडण होते ते कशासाठी? बियाणे आणि खतासाठी. आणि आधी गहाण पडतात ते बाईच्या अंगावरचे दागिने. म्हणून हा हिशोब आपल्याला यायला हवा.

आधी किमती कशा ठरतात ते पाहू. ऑगस्ट १९९२ मध्ये, नव्या आर्थिक धोरणाच्या काळात, सरकारने स्फुरद आणि पालाश खतांच्या किमतींवरचे नियंत्रण काढले. युरियाची किंमत मात्र सरकारच्याच हातात राहिली. ही खते महागली, युरिया स्वस्त राहिला. नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण देशभरात सरासरी ४:२:१ असावे असे मानले जाते. १९९१-९२ साली ते ५.९:२.४:१ होते. एका वर्षात ते ९.५:३.२:१ झाले. २०१० साली पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हाही युरिया त्यातून वगळला. २०२४ साली युरियाचे ४५ किलोचे पोते सुमारे २६७ रुपयांना होते, डीएपीचे ५० किलोचे १३५० रुपयांना. म्हणजे नत्र किलोमागे सुमारे १३ रुपये, तर स्फुरद पन्नासच्या वर. मग शेतकरी युरियाच ओतणार. हे त्याचे अज्ञान नव्हे, धोरणाने शिकवलेला हिशोब आहे.

पण पहिल्या पोत्याने पीक जेवढे वाढते तेवढे दुसऱ्याने वाढत नाही. तिसऱ्याने त्याहूनही कमी. शेवटच्या पोत्याचे पैसे तरी पिकातून निघतात का, हा खरा प्रश्न. त्यात आपली बहुतेक शेती कोरडवाहू. पावसाने ताण दिला की खत मातीत पडून राहते, उधारी मात्र वाढते. उधारीवर घेताना पोत्याला रोखीपेक्षा जास्त भाव लागतो, आणि युरिया हवा तर सोबत दुसरे काहीतरी घ्या, अशी सक्तीही होते. तिला 'लिंकिंग' म्हणतात. ते बेकायदेशीर आहे, पण उधारीवर घेणारा तक्रार करील कशी?

आता या हिशोबात बाई कुठे आहे? कपाशीच्या बुडाशी वाकून मुठीमुठीने खत टाकते ती. शेण काढते, उकिरडा भरते, शेणखत टोपल्यांनी शेतात नेते ती. विकतचे खत खर्चात लिहिले जाते, शेणखत 'घरचे' म्हणून फुकट धरले जाते. हमीभाव ठरवताना सरकार घरच्या माणसांच्या श्रमाचे मूल्य धरते. म्हणजे कागदावर तिच्या कष्टाला किंमत आहे. पण मालाची पट्टी नवऱ्याच्या नावाने फाटते आणि पैसे त्याच्याच खात्यात जमा होतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्के. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून दुकानदाराची उधारी. नवऱ्याने आत्महत्या केली की जमिनीवर नाव लागायला वर्षे जातात, उधारीची वही मात्र तेराव्याच्या आत दारात येते.

मग गटांनी काय करायचे? २०१८ साली देशभर यंत्रावर आधार दाखवून अनुदानाचे खत विकण्याची पद्धत आली. त्यात सातबाऱ्याची अट घातलेली नव्हती. तेव्हा खत बाईने आपल्या आधारवर घ्यावे आणि पक्की पावती मागावी. ती शेती करते याचा तो एक पुरावा होईल. दुसरे, गटाने एक वही ठेवावी: विकतचे खत किती, शेणखत किती टोपल्या, घरच्या बाईचे दिवस किती. तिसरे, माती परीक्षण करून घ्यावे आणि मगच पोती मोजावी. चौथे, लिंकिंगची तक्रार एकटीने न करता गटाच्या नावाने तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

खत कमी की जास्त, रासायनिक की सेंद्रिय, हा वाद पुष्कळ चालतो. तो करताना एक ध्यानात ठेवू या. विकतचे खत कमी करून शेणखत वाढवायचे ठरले, तर ते वाहणारे डोके कोणाचे? त्या श्रमाची मजुरी धरल्याशिवाय कुठलीही शेती स्वस्त म्हणू नका.