कुटुंबाचा फोटो: कोठें आणि केव्हां?

बीड जिल्ह्यांतील कोणत्याही जुन्या घराच्या बैठकींत पाऊल टाकावें, म्हणजे देवादिकांच्या तसबिरींशेजारीं घरच्या वडीलधाऱ्यांचा एखादा फोटो दिसतोच. त्याला हार घातलेला असतो आणि काचेवर थोडी धूळ साठलेली असते. जरा निरखून पाहिलें तर पुष्कळदां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. आजोबांच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताचीं बोटें दिसतात. किंवा आजीच्या पदराची कड मधेंच कापली गेलेली असते. याचा अर्थ असा कीं, तो फोटो त्या माणसाचा म्हणून कधीं काढलाच नव्हता. लग्नाच्या घोळक्यांतून, नाहीं तर ओळखपत्रावरच्या चिमुकल्या चित्रावरून, माणूस गेल्यानंतर तो मोठा करून घेतला. जिनें चाळीस-पन्नास वर्षें घर चालविलें, तिची आठवण सरकारी कामासाठीं काढलेल्या चित्रावर भागवावी लागावी, हें कोणाही विचारी गृहस्थास रुचणार नाहीं. म्हणून कुटुंबाच्या फोटोचा प्रश्न प्रथम वेळेचा आहे. पोशाखाचा आणि पडद्याचा मागाहून.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं पॅरिस येथें डागेर यानें जगापुढें मांडली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढींतील नामांकित छायाचित्रकार होत. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य भारतांत येईपर्यंत इकडच्या लोकांची राजधानी हैदराबादच. त्या हैदराबादेंत, सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं केवळ स्त्रियांसाठीं निराळा स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईकडे सोपविली. पडद्यांतील स्त्रियांना परपुरुषासमोर बसणें शक्य नव्हतें, हें ओळखून केलेली ती योजना होती. धंद्याची अक्कल तींत होतीच; पण फोटो काढावयाचा तर बसणाऱ्याचा संकोच आधीं गेला पाहिजे, हें मर्मही त्या चतुर पुरुषानें जाणलें होतें. त्या गोष्टीला सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तें मर्म अजून पुष्कळ फोटोग्राफरांस उमगलेलें नाहीं.

संकोचाचे प्रकारही काळाप्रमाणें बदलतात. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वीं गुजराथेंत छायाचित्रणाचा धंदा करीत होते. कॅमेरा माणसाची शक्ति शोषून घेतो, अशा समजुतीनें त्यांचीं गिऱ्हाइकें बिचकत असत. ती भीति आतां गेली. तिघांचा एकत्र फोटो काढूं नये, ही मात्र अद्याप कोठें कोठें ऐकूं येते. आणि मंगल प्रसंगीं विधवा सासूनें किंवा आजीनें फोटोंत मधें बसूं नये, हा विचार तर सुशिक्षित घरांतही अजून पुरता मेलेला नाहीं. तो जितक्या लवकर मरेल तितकें बरें. घराचा फोटो असेल तर घरांतील सर्वांत वडील माणूस मधल्या खुर्चीवर बसलें पाहिजे, मग तें कोणीही असो.

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे आणि त्यांत हजारों चित्रें आहेत. परंतु त्यांतून सारें कुटुंब एकत्र असलेलें एक चित्र काढून दाखवावयास सांगितलें, तर घरधनी बराच वेळ बोट फिरवीत बसतो. कोणी तरी चित्र घेणारा असतो, तो चित्राबाहेर राहतो. म्हणून वर्षा-दोन वर्षांतून एकदां जाणत्या फोटोग्राफरास बोलावणें हें उधळपट्टीचें लक्षण नव्हे. प्रश्न उरतो तो ठिकाणाचा व प्रसंगाचा.

स्टुडिओंत सर्व कांहीं हातचें असतें. पाऊस असो, धूळ असो, प्रकाश हवा तसा मिळतो. आईबाप व दोन मुलें, किंवा एकट्या आजोबांचें चित्र, यांना स्टुडिओसारखी जागा नाहीं. परंतु माणसें दहा-बाराच्या वर गेलीं कीं तेथें गर्दी होते. मागच्या ओळीची मान तेवढी दिसते. शिवाय खेड्यांतून आलेली म्हातारी माणसें त्या दिव्यांच्या झोतांत अशीं ताठ बसतात, कीं जणूं न्यायाधीशापुढें उभीं आहेत. मागें काश्मीरच्या पर्वतांचा नाहीं तर कारंज्याचा पडदा सोडण्याची हौस असेल त्यानें ती खुशाल पुरवावी. मात्र पन्नास वर्षांनीं त्या पडद्यावरून नातवंडांस घराची कांहींच कल्पना येणार नाहीं.

घराच्या अंगणांत किंवा वाड्याच्या ओसरीवर काढलेल्या फोटोचें मोल येथें कळतें. मागें दगडी जोतें, कोनाडा, दाराची चौकट, कोपऱ्यांत तुळशीवृंदावन, हीं सर्व आपोआप चित्रांत येतात. जुने वाडे पाडून सिमेंटचीं घरें उठत आहेत; त्यामुळें माणसांबरोबर वास्तूही कागदावर राहते. आजी आपल्या नेहमींच्या जागीं बसते, मुलें पायाशीं सतरंजीवर बसतात. फक्त उन्हाचें गणित संभाळावें लागतें. मराठवाड्याचें ऊन कडक. भर दुपारीं तें डोक्यावर असतें, तेव्हां टोपीची व भुवयांची सांवली नेमकी डोळ्यांत पडते आणि पांढरें धोतर, पांढरा सदरा यांचा नुसता पांढरा ठिपका उमटतो. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वींचा तासभर उत्तम. तें जमत नसेल तर ओसरीची सांवली घ्यावी. तिच्यासमोर मोकळें आकाश असलें कीं मऊ प्रकाश तोंडावर येतो. लिंबाखालीं मात्र बसूं नये. त्याच्या पानांतून कवडसे पडतात आणि प्रत्येकाच्या गालावर निरनिराळे डाग उठतात. वीस माणसें असतील तर तीन ओळी कराव्या आणि फोटोग्राफरास दूर उभें राहावयास सांगावें. जवळून रुंद चित्र घेतलें कीं कडेच्या मंडळींचे चेहरे ताणले जातात. सात-आठ वेळां तरी चित्र घ्यावें. कारण वीसांपैकीं कोणाचा ना कोणाचा डोळा मिटतोच.

कुलदैवताच्या ठिकाणीं काढलेला फोटो हाही एक चांगला प्रकार आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोंकणांतील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी; तिच्या दर्शनाला चार गांवीं विखुरलेले भाऊ एकत्र येतात. परळीच्या वैजनाथाचें तसेंच, आणि पावसाळ्यांत धबधबा वाहत असतां कपिलधारेचेंही. मात्र नवरात्र किंवा महाशिवरात्र टाळावी. त्या गर्दींत मुलें संभाळावीं कीं फोटो काढावा, असा प्रसंग येतो. गाभाऱ्यांत कॅमेरा नेण्यास बहुधा मनाई असते, आणि ती योग्यच आहे. पायऱ्यांवर उंचीप्रमाणें ओळी आपोआप होतात, ही त्या जागेची सोय.

लग्नाच्या मांडवांतील फोटोविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. तो वधूवरांचा असतो. वडील मंडळी थकलेलीं, मुलें पेंगलेलीं, आणि आजी तिसऱ्या ओळींत कोणाच्या तरी फेट्यामागें. सर्व जण जमले आहेत एवढाच त्याचा गुण. तो साधावयाचा तर सत्यनारायणाच्या दिवशीं सकाळीं, पाहुणे निघण्यापूर्वीं, अर्धा तास काढावा.

पण बीड जिल्ह्यांतील फार मोठ्या वर्गाला ठिकाणाची निवड दुय्यम आहे. त्याला तिथीच आधीं पाहावी लागते. या अवर्षणग्रस्त भागांतून लाखों माणसें दरसाल ऊस तोडण्यासाठीं घर सोडतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी त्यांची मोजदाद. मुकादमाकडून उचल घेतली कीं दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रक निघतात आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकांतील कारखान्यांच्या वाटेला लागतात; परतावयास चैत्र किंवा वैशाख उजाडतो. तान्हीं मुलें आईबापांबरोबर फडांत जातात. शाळेंत जाणारीं हंगामी वसतिगृहांत नाहीं तर आजी-आजोबांपाशीं राहतात. पांच-सहा महिने घर अर्धें इकडे, अर्धें तिकडे. मागें म्हातारा गेला आणि मुलगा फडावर होता, असें घडणें येथें अपवादात्मक नाहीं. अशा घरांत एकत्र फोटोची संधि वर्षांतून दोनदांच येते: एकदां पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, जेव्हां शिवार हिरवें असतें व हवेंत धूळ नसते, दुसऱ्यांदा अक्षय्यतृतीयेच्या आसपास, जेव्हां कोयते परत आलेले असतात, परंतु ऊन इतकें प्रखर होतें कीं सकाळीं आठाच्या आंत काम उरकावें लागतें. दोहोंत पहिली संधि सरस. जातेवेळीं आईबापांनीं तो फोटो बरोबर न्यावा व एक प्रत मुलांच्या दप्तरांत ठेवावी. पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त राहणाऱ्या बीडकर कुटुंबांनाही हेंच थोड्या फरकानें लागू पडतें. तीं दिवाळींत येतात, पण चुलतभावाचें बिऱ्हाड तोंवर फडावर गेलेलें असतें. गणपतींत चार दिवसांची रजा काढली, तर सगळे भेटतात.

फोटो निघाल्यावर तो फोनमध्येंच ठेवून देऊं नये. चांगल्या कागदावर त्याच्या तीन-चार प्रती काढून भावाभावांकडे एकेक द्यावी, म्हणजे एका घरांत पाणी शिरलें किंवा वाळवी लागली तरी दुसरीकडे प्रत राहते. चौकट करतांना काच कागदाला चिकटूं देऊं नये आणि ज्या भिंतीवर ऊन येतें, तेथें ती टांगूं नये. मागच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीनें डावीकडून उजवीकडे सर्वांचीं पुरीं नांवें, दिवस व गांव लिहावें. लग्न होऊन आलेल्या स्त्रियांच्या नांवापुढें माहेरचें गांवही लिहावें. आणि हें काम आजी शेजारीं बसलेली असतांनाच उरकावें. जुन्या फोटोंची पेटीही त्याच दिवशीं तिच्यापुढें उघडावी. मागच्या ओळींतील टोपीवाला मुलगा कोणाचा, हें त्या घरांत बहुधा तिला एकटीलाच ठाऊक असतें.