अक्षरांचं दुकान



दुकानावरची पाटी आपण वाचतो आणि आत शिरतो. ती लिहिली कोणी, हा प्रश्न सहसा पडत नाही. पाटीचं काम रस्ता दाखवायचं. स्वतःकडे बघायला लावायचं नव्हे. पण मी शब्दांच्या नादी लागलेला माणूस. शब्द काय सांगतो आणि तो दिसतो कसा, या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून आज मी त्या छोट्या जागांविषयी बोलणार आहे, जिथे दोन-चार माणसं एका टेबलाभोवती बसून अक्षरं घडवतात. गावाकडे त्याला ‘पेंटरचं दुकान’ म्हणत, मुंबईत ‘आर्ट स्टुडिओ’. आता तालुक्याच्या गावीही काचेवर ‘डिझाइन स्टुडिओ’ असं लिहिलेलं दिसतं.

माझं गाव रोहिणखेड, बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं. गावात एक जुनी दगडी मशीद आहे, 1582 सालची. खुदावंतखान महदवीने ती बांधली. त्याचं नाव आज घेता येतं ते दगडातल्या लेखामुळे. बांधणाऱ्याचं नाव साडेचारशे वर्षं टिकत आलं; ते कोरताना ज्याच्या हाताला घट्टे पडले असतील त्याचं नाव गावात कुणाच्या तोंडी नाही. अक्षराच्या धंद्याची ही रीत जुनीच म्हणायची.

कॉलेजच्या सुट्ट्यांत मी मलकापुरात एका पेंटरकडे उमेदवारी केली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, पत्र्याच्या पाट्या भिंतीला टेकवलेल्या, टर्पेंटाइनचा वास, आणि कोपऱ्यात चहाच्या कळकट कपात उभे केलेले ब्रश. उस्ताद, दोन पोरं आणि सुट्टीपुरता मी. गणेश मंडळाची कमान, उर्साचा फलक, कापूस-जिनिंगचं नाव, दवाखान्याच्या वेळा, सगळं तिथेच व्हायचं. उस्तादांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, उर्दू शाळेतलं. पण मराठीचं अक्षर असं काढत की मास्तर लोक उभे राहून पाहत.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला ब्रशला हात लावू दिला नाही. पत्रा घासायचा, लांबी भरायची, खडूची दोरी ताणून ओळ मारायची. आणि मजकूर मोठ्याने वाचायचा. “पहिले पढ, मग ब्रश पकड,” हे त्यांचं वाक्य. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर काय लिहून दिलंय ते आधी सगळ्या दुकानाला ऐकू गेलं पाहिजे. चूक डोळ्याला दिसत नाही, कानाला सापडते, असा त्यांचा हिशेब होता. पुढे कविता लिहायला लागल्यावर हा हिशेब मला कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडला.

अक्षरं मांडायची त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ओळीतली अक्षरं मोजायची, मधलं काढायचं आणि तिथून दोन्ही बाजूंना लिहीत जायचं. पण मराठीत नुसती मोजणी चालत नाही. ‘र’ अंग चोरून बसतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मांडी घालून बसतात. वेलांटीला, रफाराला वर जागा लागते, उकाराला खाली. उस्ताद सांगत, “उर्दूचा लफ्ज उतारावरून चालत येतो. मराठीचा शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा वरून लोंबतो. दोरी ढिली, तर सगळे कपडे जमिनीवर.” ती दोरी, म्हणजे शिरोरेषा, ते शेवटी स्वतः ओढत. त्या वेळी दुकानात कुणी बोलायचं नाही.

हे गावाकडचं झालं. मुंबईत दीनानाथ दलालांनी 1940च्या दशकात केनेडी पुलाजवळ ‘दलाल आर्ट स्टुडिओ’ काढला. दलाल मूळचे गोव्याचे, जन्म 1916चा. 1945मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. पुस्तकांची मुखपृष्ठं, अंकांची सजावट, कथांची चित्रं असं त्यांचं काम होतं. 1971मध्ये ते गेले, तोवर मराठी घरातल्या कपाटाला चेहरा देणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांचं नाव होतं. ते, आणि दुसरे रघुवीर मुळगावकर. या दोघांची सही चित्राच्या कोपऱ्यात असे आणि वाचक ती ओळखत. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. मुखपृष्ठ हे पुस्तकाचं वेष्टन नसून कुणा एकाचं काम आहे, हे त्या कोपऱ्यातल्या सहीने लोकांना शिकवलं.

अक्षरांच्या बाबतीत तसाच मान कमल शेडगे यांनी मिळवला. ते टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरीला होते, 2020मध्ये वारले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं त्यांनी अशी काढली की नाटक ऐतिहासिक आहे की विनोदी, हे नाव वाचण्याआधीच कळावं. आणि र. कृ. जोशी तर माझ्या बिरादरीतले, म्हणजे कवी. आधी जाहिरात क्षेत्रात, मग पवईच्या आयआयटीत शिक्षक. विंडोजच्या संगणकासोबत येणारा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा. 2008मध्ये ते गेले. आजही किती कार्यालयांत अर्ज, नोटिसा, दाखले त्याच अक्षरात निघतात! त्यातल्या किती जणांना वाटत असेल की हे अक्षर एका मराठी कवीने काढलंय?

मलकापूरच्या दुकानाचं पुढे काय झालं ते सांगतो. 2000 सालानंतरच्या काही वर्षांत फ्लेक्स आला. जी पाटी दोन दिवसांनी वाळायची ती दोन तासांत छापून मिळू लागली, आणि तीही रंगीत फोटोसकट. उस्तादांनी काही काळ ट्रकच्या मागची नावं लिहिली, मग ब्रश ठेवून दिले. एका पोराने मात्र संगणक शिकून घेतला. आज मोताळ्यात त्याचा स्टुडिओ आहे. तो, संगणकाचा कोर्स करून आलेली जवळच्या खेड्यातली एक मुलगी, आणि धावपळ करणारा एक पोरगा, इतकीच माणसं. मी आठवड्यातून एकदा तरी तिथे जाऊन बसतो. काम नसलं तरी.

तिथलं कामाचं वर्ष पंचांगासारखं आहे. लग्नसराईत पत्रिका, मग शाळा-क्लासेसची पत्रकं, मग मंडळं, मग दिवाळी. निवडणूक लागली की रात्र आणि दिवस एक. फ्लेक्सवर कोणत्या नेत्याचं डोकं किती मोठं, कोण कुणाच्या शेजारी, कुणाचं नाव वर, हे सगळं त्या मुलीला पाठ आहे. जिल्ह्याचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर मी वर्तमानपत्राआधी तिला विचारतो. तयार झालेला नमुना व्हॉट्सअॅपवर जातो आणि उत्तर येतं, “ताई, साहेबांचा फोटो अजून मोठा करा ना.” अकरा वेळा केलेला बदल मी स्वतः मोजला आहे. बाराव्या वेळी पहिलाच नमुना पसंत पडला.

आता पैशाचं बोलू. उस्तादांकडे पाटीचा भाव ठरताना अक्षराची उंची किती, रंग किती, सावली द्यायची का, यावर घासाघीस होई. म्हणजे अक्षराला किंमत होती. आता भाव चौरस फुटाचा. त्यात डिझाइन ‘फ्री’. त्या पाच तासांचे वेगळे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, “कॉम्प्युटरच तर करतो, तुम्ही काय करता?” यात गिऱ्हाइकाचा दोष मी अर्धाच धरतो. शेजारच्या दुकानदाराने ‘फ्री’ म्हटलं म्हणून यानेही म्हटलं, आणि सगळ्यांनी मिळून आपलंच काम फुकट करून टाकलं. गंमत बघा, निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव आणि पत्ता छापणं 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने सक्तीचं आहे. पत्रक रचणाऱ्याचं नाव कुठलाच कायदा मागत नाही.

पण एक गोष्ट या पोराने उस्तादांची सोडलेली नाही. श्रद्धांजलीचा फलक असेल तर तो घरच्या माणसाला समोर बसवून मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. फोनवर नाही, समोर. कितीही घाई असो. एकदा एक तरुण आला होता, वडील सकाळीच गेलेले. वाचताना कळलं की आधार कार्डावरून उतरवलेलं नाव आणि घरात घेतलं जाणारं नाव वेगळं आहे. मुलगा म्हणाला, “गाव त्यांना दुसऱ्याच नावाने ओळखतं.” मग ते नाव मोठ्या अक्षरात आलं आणि कागदावरचं खाली लहान. संगणकाला हे सुचलं नसतं.

शुद्धलेखनाच्या कहाण्या तर किती सांगू. जुन्या फॉन्टमध्ये ‘ऱ्य’ नीट बसत नसे. एका लग्नात आचाऱ्यांचे आभार मानायचे होते, फलकावर आले आचार्यांचे. स्वयंपाकी खूश झाले असतील! ही अडचण आता बरीच कमी झाली आहे, ती युनिकोडमुळे आणि काही छोट्या गटांमुळे. मुंबईतला ‘एक टाइप’ हा असाच मोजक्या माणसांचा गट. त्यांचे ‘मुक्त’, ‘मोदक’, ‘बलू’ हे फॉन्ट कुणालाही विनामूल्य वापरता येतात. देवनागरीचा एक फॉन्ट म्हणजे जोडाक्षरं धरून शेकडो आकार, एकेक हाताने जुळवलेले. ‘बलू’ची भावंडं इतर लिप्यांत आहेत आणि त्यांची नावंही भावाचीच: गुजरातीत ‘भाई’, बंगालीत ‘दा’, तमिळमध्ये ‘थंबी’, आणि उर्दूत ‘भाईजान’. मोताळ्याच्या त्या मुलीने हे मला संगणकावर दाखवलं तेव्हा मी बराच वेळ हसत होतो.

उर्दूवरून आठवलं. आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दूतही नाव आहे. त्यावर हरकत घेतली गेली, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने उर्दू राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं निकालात स्पष्ट म्हटलं. निकाल मोठाच आहे. पण पाटी बनवणाऱ्याची अडचण त्याच्या पुढची. साध्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दू टाकली की जोडलेली अक्षरं सुटी पडतात आणि ओळ उलटी लागते. वाचता न येणाऱ्याला ते नक्षीसारखं छानच दिसतं! म्हणून स्टुडिओत उर्दूचं काम आलं की मला निरोप येतो, “चाचा, येऊन वाचून जा.” मी वाचतो, ती मुलगी अक्षरं जुळवते. आता ‘अलिफ’ आणि ‘लाम’मधला फरक ती न विचारता सांगते.

माझ्या नव्या कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ तिनेच केलं आहे. कवितेचं हस्तलिखित तिने आधी वाचायला मागितलं, दोन कविता मोठ्याने वाचल्या, आणि एका शब्दाशी थांबून विचारलं, “काका, इथे नुक्ता हवा का?” आठ दिवस ती अक्षरांचं वजन कमी-जास्त करत होती. चौथ्या पानावर, प्रकाशक आणि मुद्रकाच्या खाली, मी तिचं नाव घालायला सांगितलं. तिने ते टाइप केलं, आठ पॉइंटात.

मी म्हटलं, “बेटा, दहा कर.”