किल्ली आत, दार बंद



आपण कचऱ्याची बादली घेऊन जिन्यात आणि मागे वाऱ्याने लॅचचं दार बंद. किल्ली आत. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. मला तो संगणकावर आला.

आमच्या गावातल्या वाचनालयाचा संगणक मी हौसेने सांभाळतो. त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. सभासदांची वर्गणी, पुस्तकांची देवघेव, सगळ्या नोंदी त्यात. एका शनिवारी नवा स्कॅनर आला. तो वापरता यावा म्हणून मी माझं खातं ‘स्कॅनर’ नावाच्या गटात घातलं, लॉगआऊट करून पुन्हा आत शिरलो. स्कॅनर छान चालला. मग नोंदींची प्रत काढायला गेलो, तर संगणक म्हणाला, तुमचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नाही, या प्रकाराची तक्रार नोंदवली जाईल. तक्रार जाणार कुणाकडे? त्या संगणकाचा एकुलता एक कारभारी मीच होतो!

एका जाणकारांनी फोनवर सांगितलं, “सगळं पुसा आणि नव्याने टाका.” म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदींवर पाणी सोडायचं. मी तसाच बसून राहिलो आणि एकच प्रश्न स्वतःला विचारला: नक्की अडलंय कुठे?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. लॉगइन म्हणजे तुम्ही कोण, हे पटवणं. अधिकार म्हणजे तुम्हाला काय करता येतं, ते. माझा पासवर्ड बरोबर होता, तो बदलून काहीच साधलं नसतं. ‘आयडी’ ही साधी आज्ञा दिली की आपण कोणकोणत्या गटांत आहोत ते दिसतं. माझ्या यादीत ‘स्कॅनर’ होता, ‘सुडो’ नव्हता.

हा सुडो काय प्रकार आहे? लिनक्स ज्या वळणावर घडली ती युनिक्स प्रणाली 1969 पासून अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी उभी केली. तिच्यात ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी असतो, त्याचा क्रमांक शून्य. तो जवळजवळ कुठलीही फाइल वाचू शकतो, पुसूही शकतो. तिजोरीची अशी किल्ली रोज कमरेला लावून हिंडणं धोक्याचं. म्हणून 1980 च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात सुडो तयार झाला. आपल्याच पासवर्डवर, एका कामापुरता रूटचा अधिकार मागायचा, आणि त्याची नोंद राहते. उबुंटूत तर रूटचा पासवर्ड मुळात बंदच असतो. ‘सुडो’ गटातल्या माणसांवरच सारी भिस्त.

माझी चूक एका अक्षराची होती. गट बदलण्याच्या ‘युजरमॉड’ आज्ञेत नुसता मोठा ‘जी’ दिला, तर अर्थ होतो, ‘जोडीला एवढेच गट, बाकीचे काढा.’ त्याच्याआधी लहान ‘ए’ लिहिला, तर ‘यांची भर घाला’. मी ‘ए’ विसरलो आणि माझंच नाव खोडलं.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. संगणक पुन्हा सुरू करताना यादीतून ‘रिकव्हरी’ निवडायचं, तिथे रूट म्हणून आत जायचं, डिस्कवर लिहिण्याची मुभा चालू करायची, आणि स्वतःला ‘सुडो’ गटात परत घालायचं. एकही नोंद गेली नाही.

आनंद झाला, पण मागोमाग घामही फुटला. जे दार मला पासवर्डशिवाय उघडलं, ते संगणकासमोर बसणाऱ्या कुणालाही उघडलं असतं! त्या खोलीला आता चांगलं कुलूप आहे.

आणखी तीन सवयी लावून घेतल्या. अधिकारांत बदल करताना जुनी खिडकी बंद करायची नाही. गटांतला बदल पुढच्या लॉगइनपासून लागू होतो, त्यामुळे मी घाईने बाहेर पडलो नसतो तर तिथूनच चूक सुधारता आली असती. सुडोची नियमांची फाइल ‘व्ही-आय-सुडो’नेच उघडायची, कारण लिहिण्यात चूक असेल तर ते जतन करण्याआधी सावध करतं. आणि कारभारी एकटा नको. आमच्या ग्रंथपालबाईंचं स्वतंत्र खातं आता ‘सुडो’ गटात आहे.

शेजाऱ्याकडे घराची एक किल्ली ठेवतो ना आपण, तसंच हे.