गर्भनिरोधक गोळी आणि अन्य औषधे



बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड हे गाव तांब्याच्या खाणीमुळे देशभर ओळखले जाते. १९८२ साली येथे हिंदुस्तान कॉपरचा प्रकल्प उभा राहिला. कोणत्याही खाणीतील दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर फुप्फुसे दुबळी होऊन क्षयरोग जडण्याचा संभव वाढतो. एकाचा क्षय श्वासावाटे घरातील इतरांनाही होऊ शकतो. म्हणून पुढील माहिती गृहिणींनी अवश्य जाणून घ्यावी.

शासनातर्फे मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत संप्रेरके व ७ गोळ्यांत लोह असते. संप्रेरकांचे विघटन यकृतात होते. रोजच्या गोळीने त्यांचे रक्तातील प्रमाण टिकून राहते. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील विकरांचे कार्य वाढविते. परिणामी संप्रेरके लवकर नष्ट होतात आणि एकही गोळी न चुकविता गर्भ राहू शकतो. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला १९७१ पासून ज्ञात आहे. फेफऱ्यावरील फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन व कार्बामाझेपिन या औषधांचाही असाच परिणाम होतो.

याचा अर्थ क्षयाचे औषध सोडावे, असा मुळीच नाही. ते अर्धवट सोडल्यास रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. बदलावयाचे ते संततिनियमनाचे साधन. तांबी गर्भाशयातच कार्य करते; यकृताशी तिचा संबंध येत नाही. तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शनही या औषधांमुळे निष्प्रभ होत नाही. यांपैकी योग्य काय, हे डॉक्टर तपासणीनंतर ठरवितात. तोवर निरोध वापरावा. रिफाम्पिसिन थांबल्यावरही त्याचा प्रभाव सुमारे चार आठवडे राहतो. तेवढा काळ ही दक्षता चालू ठेवावी.

सर्वच औषधांचे भय बाळगण्याचे कारण नाही. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकामुळे गोळी निष्प्रभ होते, असे आढळलेले नाही. मात्र तीव्र जुलाब किंवा उलट्या झाल्यास गोळी अंगी लागत नाही.

गोळ्या एकीकडून आणि क्षयाचे औषध दुसरीकडून मिळाले, तर एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी ठाऊक नसते. संकोचामुळे स्त्रीही बोलत नाही. आधीच आजाराने खंगलेल्या शरीरावर मग नको असलेल्या गर्भारपणाचा भार पडतो. म्हणून औषध देणाऱ्याने गोळीविषयी विचारावे, शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी आणि भगिनींनी दवाखान्यात जाताना दोन्ही पाकिटे सोबत नेऊन दाखवावीत.