पायरीच्या अलीकडून
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

आजची सभा तळमजल्यावर घेतलीत, त्याबद्दल आधी आभार मानते. असे आभार मानायची वेळच येऊ नये, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली, मी त्याआधीची. डावा पाय गेला आणि घरात नवस सुरू झाले. उपास आईनं धरले, कारण 'मागच्या जन्मी काय पाप केलंस?' हे सगळे तिलाच विचारायचे. अपंगत्व माझं, दोष मात्र आईचा!

अकराव्या वर्षी मला पंढरपूरला नेलं. कॅलिपरला बूट जोडलेला असतो. तो काढला की पाय उभा राहत नाही. घरचे रांगेत गेले, मी आजीबरोबर बाहेर बसले. नामदेव पायरीपाशीच चोखोबांची समाधी आहे. आजी म्हणाली, "पोरी, ह्यालाही आत जाऊ दिलं नव्हतं. म्हणून देव त्याचा नव्हता का?" त्या दिवशी मी 'पाय बरा कर' हे मागणं सोडून दिलं.

जातीचं दुःख आणि माझं दुःख एक नव्हे, हे मी जाणते. पण पुढं वाचलं, की ते मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. दारं आपोआप उघडत नाहीत, हे तेव्हा कळलं.

आपल्या चळवळीत 'श्रद्धा' म्हटलं की भुवया वर जातात. कर्मफळ, बुवाबाजी यांविरुद्ध मीही बोलते. पण सकाळी कॅलिपरचे पट्टे आवळताना मी विठोबाशी बोलते, हेही खरं. 'सेवा' शब्दाचाही आपल्याला संशय येतो, कारण त्याच नावाखाली बायकांना फुकट राबवलं जातं. माझा अनुभव उलटा आहे. मला कायम सेवा करून घेणारीच्या जागी बसवलं. पुण्य मिळावं म्हणून अनोळखी माणसं माझ्या हातावर नाणी ठेवत. एम.एस.डब्ल्यू. करून कामाला लागले, तेव्हा कुठं माझीही कुणाला गरज असते, हे उमगलं.

एका कर्णबधिर मुलीवर अत्याचार झाला होता. ठाण्यात म्हणाले, "बोलता येत नाही, तर तक्रार कशी घेणार?" मी कायदा पुढं ठेवला. २०१३ च्या दुरुस्तीप्रमाणे अशा मुलीची फिर्याद तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी अथवा विशेष शिक्षकासमोर, चित्रीकरण करून घ्यावी लागते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. संध्याकाळपर्यंत बाकावरून हलले नाही. शेवटी फिर्याद नोंदली गेली. निघताना तिनं माझ्या पायाकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, 'दुखतं?' मी मान हलवली. दोघी थोडा वेळ तशाच बसलो.

२०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांतल्या किती जणी आपल्या गटांत आहेत? आपल्या कचेरीला किती पायऱ्या आहेत? खुणांची भाषा येणारी एक तरी बाई आपल्या ओळखीची आहे का? घरी जाऊन एवढं मोजा. आम्हाला कौतुक नको, कामाचा वाटा द्या. पुढची बैठकही तळमजल्यावरच घ्या, म्हणजे मला आभार मानावे लागणार नाहीत.